बाटलीतला वायू आणि काचेतले रान



वसंतातल्या या व्याख्यानांतून संतांचे वाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची रीत आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच लहान. तो दोन लिटरच्या एका बाटलीत मावतो. घरी काचेच्या टाकीत मासे आणि पाणवनस्पती ठेवणारे लोक त्या वनस्पतींसाठी साखर आणि यीस्ट आंबवून कर्बवायू तयार करतात. ती बाटली लावावी कशी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती चालू ठेवावी कशी, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांला सरळ विचारले, "गुरुजी, आपल्या तालुक्यात वैशाखात बायाबापड्या डोक्यावरून पाणी वाहतात, आणि तुम्ही काचेत पाणी कोंडून त्याची शोभा पाहायला सांगणार?" हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. पण त्याचे उत्तर शेवटी देऊ. कारण ते या बाटलीच्या व्यवहारातूनच निघते.

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत हायड्रिलाचा प्रयोग केला किंवा निदान पाहिला असेल. चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिलाच्या काड्या, वर उपडे नरसाळे, नरसाळ्यावर उपडी परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवले की काड्यांतून बुडबुडे निघू लागतात. सावलीत नेले की मंदावतात. तेवढ्यावरच मास्तर थांबत नसत. ते पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकीत, आणि बुडबुडे पुन्हा जोराने निघत. त्या चिमटीत आजच्या विषयाचे मूळ आहे. झाडाला ऊन होते, पाणीही होते, पण अन्न करायला लागणारा कर्ब कमी पडत होता. सोड्याने तो पुरवला.

ही गोष्ट माणसाला कळायला फार दिवस लागले. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मोपदेशक होते. लीड्स गावी त्यांच्या घराजवळ बिअर बनवण्याचा कारखाना होता. तिथल्या आंबणाऱ्या पिंपांवर एक जड हवा साठून राहते हे त्यांनी पाहिले, ती पाण्यात मुरवली, आणि १७७२ साली त्यावर पुस्तिका छापली. आजच्या सोडावॉटरचे ते मूळ. त्याच सुमारास, १७७१ साली, मेणबत्ती जळून बिघडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली तर ती हवा पुन्हा सुधारते, असेही त्यांना आढळले. पुढे १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने पाण्याखाली पाने ठेवून दाखवून दिले की हे काम पाने उजेडातच करतात, अंधारात नव्हे. आणि १७८२ साली जिनीव्हाच्या सेनेबिए यांनी सांगितले की त्या कामासाठी पाण्यात मुरलेला कर्बवायूच लागतो. म्हणजे पिंपावरची हवा आणि पुदिन्याची डहाळी या दोन्ही गोष्टी प्रीस्टलीच्या हाती एकाच वेळी होत्या. त्यांचा संबंध लावणारे दुसरे निघाले. आज आपण घरी बाटली लावून नळी टाकीत सोडतो तेव्हा त्याच दोन गोष्टी जोडीत असतो.

आता कुणी म्हणेल की हवेत कर्बवायू आहेच, मग पाण्यातल्या झाडाला तो कमी का पडावा? याला दोन कारणे आहेत. आजच्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कर्बवायू आहे. अशा हवेखाली उघडे ठेवलेले पाणी फार तर लिटरला अर्धा-पाऊण मिलिग्रॅम वायू धरते. दुसरे असे की वायू हवेतून जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. पानाने आपल्याभोवतीचा वायू घेतला की नवा येईपर्यंत त्याला ताटकळत बसावे लागते. ओढ्यात हे जाणवत नाही. वाहते पाणी नवे घेऊन येते, तळाचा पाला कुजून वायू देत असतो. काचेच्या टाकीत मात्र पाणी थांबलेले आणि वाळू धुतलेली. वर आपण झगझगीत दिवा लावतो. म्हणजे पंगत मांडून झाली, पण पानात वाढायला काही नाही!

सगळ्याच वनस्पतींना ही बाटली लागते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या काटक जाती पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कर्ब काढून घेतात. त्यांना सोडून द्यावे, त्या वाढतील. पण रोटाला कुळातल्या नाजूक, तांबूस पानांच्या जाती या वायूवाचून कोमेजतात. या कुळाच्या कितीतरी जाती आपल्या सह्याद्रीत उगवतात, आणि जगभरच्या शौकिनांची आवडती लालभडक रोटाला मॅक्रँड्रा ही तर केरळच्या पाणथळीतली. जपानच्या ताकाशी अमानो यांनी पाण्याखालच्या बागा सजवण्याची कला जगाला शिकवली. ते २०१५ साली वारले. त्यांच्या बागांत वायूच्या नळकांड्या असत. नळकांडे आणि त्यावरची यंत्रे यांची किंमत सामान्य घराला परवडणारी नाही. तिथे साखर आणि यीस्ट कामाला येतात.

आंबणे ही गोष्ट सुरगाण्याला शिकवायला नको. नागलीची आंबील आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आली. मोहाच्या फुलांचे काय होते तेही सर्वांना ठाऊक आहे. पावाला जी जाळी पडते ती यीस्टने सोडलेल्या वायूचीच. हे यीस्ट म्हणजे सूक्ष्म, जिवंत पेशी आहेत, आणि आंबणे हे त्यांच्या जगण्याचे काम आहे, असे लुई पाश्चर यांनी १८५७ सालापासूनच्या आपल्या प्रयोगांतून दाखवले. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट चिरडून त्याच्या नुसत्या रसानेही साखर आंबते हे सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९०७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. यीस्ट साखर खाते आणि तिचे जवळजवळ सारखे दोन वाटे करते. शंभर ग्रॅम साखरेतून सुमारे एक्कावन्न ग्रॅम कर्बवायू मिळू शकतो आणि साधारण तेवढेच मद्यार्क मागे उरते. वायू आपल्याला हवा असतो. मद्यार्क नको असते. पण तेच पुढे यीस्टचा काळ ठरते, हे ध्यानात ठेवावे.

आता बाटलीची मांडणी. आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी धरून बोलतो. तिच्यात वाळू-दगड वजा जाता पन्नास लिटरच्या आत-बाहेर पाणी बसते. सोडावॉटरची किंवा थंड पेयाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी. ती दाब सोसते. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली घेऊ नये, आणि काचेची तर मुळीच घेऊ नये. झाकणाला नळीपेक्षा किंचित लहान भोक पाडावे, नळीचे टोक तिरपे कापून त्यातून ओढून घ्यावे, आणि सांधा एम-सीलने बुजवावा. नळी म्हणून औषधाच्या दुकानातला सलाईनचा नवा, कोरा संच उत्तम. त्यात थेंब पडण्याची जी पारदर्शक कुपी असते, तिच्यात थोडे पाणी ठेवून वायू पाण्याखालून जाईल अशी जोडली की मिनिटाला किती बुडबुडे जातात ते मोजता येते. संचावरचे चाक मात्र काढूनच टाकावे. का, ते पुढे सांगतो.

बाटलीत सव्वा लिटर पाणी, एक मोठी वाटी म्हणजे दोनशे ग्रॅम साखर, पाव चमचा बेकरीचे कोरडे यीस्ट आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. यीस्ट आधी कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावे. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीचे, चहाचे नव्हे. कढत पाण्यात यीस्ट मरते, आणि मग दोन दिवस वाट पाहून माणूस झाकणाला दोष देत बसतो. बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा, कारण फेस येतो. गुळात क्षार असतात, त्यामुळे गूळ घातला तर यीस्ट जोरात चालते, पण फेसही फार करते. साखरेत गुळाचा एक खडा घातला तर पुरे.

या बाटलीनंतर एक लहान बाटली अर्धी पाण्याने भरून मध्ये जोडावी. मोठ्या बाटलीची नळी तिच्या पाण्याखाली, टाकीकडे जाणारी नळी पाण्याच्या वर. उसळलेला फेस तिथे अडतो. ही धाकटी बाटली वगळण्याचा मोह होतो, तो आवरावा. साखरेचे आंबलेले पाणी टाकीत गेले तर जंतू माजतात, पाणी दुधाळ होते, प्राणवायू संपतो आणि मासे जातात. टाकीजवळ नळीत एक एकतर्फी झडप बसवावी. रात्री बाटली गार झाली की आतला वायू आकसतो आणि टाकीचे पाणी उलटे ओढले जाते. झडप ते थांबवते.

आता वायू पाण्यात मुरवायचा कसा? नळी नुसती पाण्यात सोडली तर मोठे बुडबुडे वर जाऊन फुटतात आणि साखर वाया जाते. काहीजण नळीच्या टोकात लाकडाचा लहान दट्ट्या ठोकतात. त्याच्या छिद्रांतून धुक्यासारखा बारीक वायू निघतो, पण तो दोन-तीन आठवड्यांत तुंबतो. आम्हांला भावली ती उपड्या पेल्याची रीत. लहानसा पेला पाण्याखाली उपडा बसवावा आणि नळी त्याच्या पोटात सोडावी. वायू तिथे साठतो आणि खालच्या पाण्यात सावकाश मुरतो. जास्त झाला तर काठावरून निघून जातो. पाण्यातले इतर वायूही त्यात हळूहळू शिरतात, म्हणून दिवसातून एकदा पेला कलता करून रिकामा करावा.

इथवर कोणीही येतो. पहिल्या आठवड्यात झाडे तरारतात, पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे बसतात, घरची आणि शेजारची मुले काचेला नाक लावून उभी राहतात. मग तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडांवर काळपट केसांसारखे शेवाळ धरते, आणि मालक म्हणतो, "ही यीस्टची भानगड काही खरी नाही." वस्तुतः दोष यीस्टचा नसतो. दोष आपल्या अनियमाचा असतो.

काय होते ते पाहा. नवी बाटली लावली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती भरात येते. पाच-सहा दिवस धो धो वायू देते. मग साखर कमी होत जाते, मद्यार्क वाढत जाते, आणि बेकरीचे यीस्ट त्या मद्यार्कातच थकते. बुडबुडे मंदावतात. आपण कामात असतो. चार दिवसांनी आठवण होते तेव्हा बाटली मेलेली असते. म्हणजे झाडाला एक आठवडा मेजवानी आणि दुसरा आठवडा उपास. वायू भरपूर असताना झाडाने आपला सगळा संसार त्या मानाने मांडलेला असतो. तो एकाएकी आटला की त्याची वाढ अडखळते, जुनी पाने खचतात. दिवा मात्र तसाच चालू, पाण्यातली खतेही तशीच. त्या रिकाम्या जागेत शेवाळ शिरते. थोडा वायू रोज सारखा मिळाला तर झाड त्याच्याशी जुळवून घेते. भरपूर वायू लहरीने मिळाला तर जुळवून घेणे त्याला जमत नाही. आमच्या अनुभवाचे सार एवढेच आहे, मंडळी. थोडे द्यावे, पण नेमाने द्यावे.

यावर उपाय सोपा आहे. एका बाटलीऐवजी दोन लावाव्यात, आणि त्या एका तिहेरी जोडाने एकाच नळीत आणाव्यात. प्रत्येकीला स्वतःची एकतर्फी झडप असावी, म्हणजे एकीचा वायू दुसरीत शिरणार नाही. मग दोन्ही एकाच दिवशी भरायच्या नाहीत. एक या सोमवारी, दुसरी पुढच्या सोमवारी. एक उतरणीला लागते तेव्हा दुसरी चढणीवर असते, आणि टाकीत जाणारा वायू बराचसा सारखा राहतो. आम्ही दिनदर्शिकेवर सोमवारच्या चौकोनात "अ" किंवा "ब" लिहून ठेवतो. बाटली रिकामी होण्याची वाट न पाहता तिची पाळी आली की ती भरायची. बुडबुडे अजून येत असले तरी भरायची.

भरताना तळाचा गाळ सगळा फेकू नये. त्यात जिवंत यीस्ट असते. विरजणासारखा अर्धी वाटी गाळ ठेवून वर नवे साखरपाणी घालावे. मात्र हे विरजणही दोन-तीन वेळांनंतर दमते. मग नवे यीस्ट घ्यावे.

ऋतूंचा विचार यीस्टला फार असतो. थंडीत बाटली रेंगाळते आणि तीन आठवडेही चालते. चैत्र-वैशाखात तीच बाटली आठ-दहा दिवसांत संपते, आणि ते दिवस ती वेड्यासारखी उसळते. यावर दोन इलाज आहेत. एक म्हणजे बाटली पाण्याने भरलेल्या जुन्या बादलीत उभी करावी; ते पाणी दिवसाची उष्णता आणि रात्रीचा गारवा दोन्ही सोसून घेते. दुसरा म्हणजे उन्हाळ्यात यीस्ट निम्मे करावे. काहीजण साखर जिलेटिनच्या खरवसात गोठवून तळाशी बसवतात, म्हणजे ती हळूहळू सुटते. कल्पना चांगली, पण जिलेटिन पस्तीस अंशांच्या आसपास वितळते. आपल्या उन्हाळ्यात त्याचा काय भरवसा! खरवसच करायचा तर चायना ग्रासचा करावा. तो एकदा जमला की उन्हाने वितळत नाही.

बुडबुडे बंद पडले तर घाबरून लगेच साखर ओतू नये. आधी झाकणाला आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहावे. गळती असेल तिथे फुगा येतो. दहांतल्या सात-आठ तक्रारी तिथेच मिटतात, असे आमच्या पाहण्यात आहे. मग दट्ट्या तुंबला का ते पाहावे. त्यानंतर बाटलीकडे वळावे. पाणी नितळ होऊन तळाला पांढरा थर बसला असेल तर काम संपले आहे. पाणी गढूळच असेल आणि वास गोडसर येत असेल, तर साखर शिल्लक आहे. यीस्ट तरी मेले आहे किंवा त्याला गारठा बाधला आहे.

आता वायू किती द्यावा? लिटरला पंधरा ते तीस मिलिग्रॅम वायू झाडांना पुरतो. मासे त्याच्या फार वर सोसत नाहीत. आमच्या टाकीला आम्ही मिनिटाला पंधरा-वीस बुडबुड्यांपासून सुरुवात करतो. पण बुडबुडे लहानमोठे असतात, तेव्हा पाण्यालाच विचारलेले बरे. शेतकरी मंडळींना मातीचा सामू ठाऊक आहे. कर्बवायू मुरला की पाण्याचा सामू उतरतो. पाण्याची कार्बोनेट कठीणता चार अंश असेल तर सामू ७ असताना लिटरला सुमारे १२ मिलिग्रॅम वायू असतो, आणि सामू ६.६ वर आला की सुमारे ३०. तिथे थांबावे. चार अंश कठीणतेच्या पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू घालून त्याची लहान काचकुपी टाकीत टांगण्याचीही सोय असते. ते निळे दिसले तर वायू कमी, हिरवे दिसले तर ठीक, पिवळे दिसले तर जास्त. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, हे विसरू नये. आपल्याकडचे पावसाचे पाणी अगदी हलके असते. नुसते तेच भरले तर सामू झपाट्याने घसरतो. त्यात थोडे विहिरीचे पाणी मिसळावे.

आता आम्ही आमचीच एक चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही. एका मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे यायचे होते. झाडे जरा मरगळली होती. ती पाहुण्यांच्या आधी तरारावीत म्हणून आम्ही दोन्ही बाटल्या एकाच संध्याकाळी भरल्या, आणि यीस्टही पाव चमच्याच्या जागी चमचाभर घातले. उकाडा होता, मध्यरात्रीपर्यंत बाटल्या फसफसू लागल्या. रात्री वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला. पहाटे उठून पाहतो तो सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकीत होते, आणि सात गप्पी तळाशी पडलेले. आमची धाकटी नात तेव्हा पाच वर्षांची होती. तिने त्यांना नावे ठेवली होती. तिने विचारले, "आजोबा, तुम्ही झाडांना खायला दिलं, मग मासे का मेले?"

त्या पोरीला आम्ही जे सांगितले तेच आपल्याला सांगतो. दिवसा झाडे कर्बवायू घेतात आणि प्राणवायू देतात. रात्री दिवा मालवला की तीही माशांसारखीच प्राणवायू घेतात आणि कर्बवायू सोडतात. बाटलीला मात्र दिवस-रात्र कळत नाही. तिच्यातले यीस्ट रात्रीही साखर खात असते. सगळा वायू साठत साठत पहाटे सर्वांत जास्त होतो. नळकांड्याला दिवसरात्रीचे बटण असते. बाटलीला आपणच त्या बटणाचे काम करायचे असते.

मग नळी दाबून किंवा चाक फिरवून रात्री वायू बंद का करू नये, असे कोणी विचारील. म्हणूनच ते चाक काढून टाकायला सांगितले. यीस्टला थांबवता येत नाही. वाट बंद केली तर दाब वाढत जातो, आणि मग झाकण उडते, सांधा फुटतो किंवा बाटलीच फुटते आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर आंबट साखरपाण्याचा सडा पडतो. नळी कधीही बंद करायची नाही. ती फक्त बाहेर काढायची. दिवा मालवताना नळीचे टोक पाण्याबाहेर काढून टाकीच्या वर खुंटीला टांगावे आणि उपडा पेला कलता करून रिकामा करावा. सकाळी दिवा लावण्याच्या तासभर आधी ते पुन्हा पाण्यात सोडावे. याला वीज लागत नाही, खर्च लागत नाही. फक्त रोज न चुकता उठावे लागते. त्या दिवसापासून आमच्या घरी हे काम नातीकडे आहे. आता ती मोठी झाली. देवापुढे दिवा लागला की नळी वर, हा तिचा नेम अजून मोडलेला नाही, आणि त्यानंतर वायूने आमचा एकही मासा गेला नाही. दिवसाही वीज फार वेळ गेली तर हाच नियम लावावा. दिवा नाही, तर वायू नाही.

एक हसण्याजोगी गोष्टही सांगून टाकतो. शेजारच्या एक आजी आमच्या ओसरीवरच्या फसफसणाऱ्या बाटल्या रोज पाहत. एक दिवस त्यांनी हळूच विचारले, "गुरुजी, तुम्ही पण भट्टी लावली का काय?" आम्ही त्यांना टाकीजवळ नेऊन झाडे दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे दारू टाकून द्यायची आणि तिचा वास झाडाला द्यायचा. हे बरं आहे!" यापेक्षा नेटकी व्याख्या आम्हांला अजून सुचलेली नाही. बाटलीतले ते पाणी मात्र कोणी चाखू नये. मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि पाळी संपली की मोरीत ओतून टाकावे.

आता स्नेह्यांच्या त्या प्रश्नाकडे येतो. पाणी टंचाईच्या गावात काचेत पाणी ठेवावे का? आमच्या टाकीला आठवड्याला पाव हिस्सा, म्हणजे बादलीभर पाणी बदलावे लागते. काढलेले पाणी आम्ही मोरीत सोडीत नाही. त्यात माशांच्या विष्ठेचे खत असते. ते परसातल्या कढीपत्त्याला आणि मिरचीला जाते. तरीही खरे तेच सांगतो. ज्या घरी पाणी डोक्यावरून येते, त्या घरी टाकी ठेवा असे सांगायला आमची जीभ धजणार नाही. टंचाई वाढली की आम्ही मासे आणि थोडी काटक झाडे दहा-बारा लिटरच्या लहान भांड्यात हलवतो, दिवा कमी करतो आणि बाटल्या धुऊन माळ्यावर ठेवतो. वायू आणि उजेड दोन्ही एकत्र कमी केले की हायड्रिला, व्हॅलिसनेरिया तग धरतात. मृगाचा पाऊस पडला की पुन्हा मांडणी. जो छंद घरातल्या बाईच्या खेपा वाढवतो, तो छंद नव्हे. पण तेवढा विवेक ठेवला तर हा छंद पाण्याचा अपमान करीत नाही, उलट पाणी पाहायला शिकवतो, असे आमचे मत आहे.

याच विवेकाची दुसरी बाजू ओढ्याकाठी लागू पडते. पावसाळ्यात आपल्या डोंगरांवरच्या खडकांत, डबक्यांत, ओहोळांत कितीतरी सुंदर पाणवनस्पती उगवतात. मुलांना त्या उपटून टाकीत लावाव्याशा वाटतात. त्यांना थांबवावे. साताऱ्याच्या पठारांवरचा वायतुरा पाहा. सह्याद्रीच्या थोड्याशा जागेपलीकडे तो जगात कुठे उगवत नाही. आपल्या डबक्यातले रोप तसेच दुर्मिळ आहे की नाही, ते उपटणाऱ्याला कळत नाही. टाकीतल्या झाडांच्या काड्या छाटून लावल्या की नवी रोपे होतात. एकाने दुसऱ्याला द्यावी, बाजारातून एकदाच घ्यावी. टाकीतली झाडे आणि मासेही ओढ्यात सोडू नयेत. ओढ्याकाठी जायचे ते पाहायला.

या सगळ्याला मिळून खर्च किती, तर आठवड्याला दोनशे ग्रॅम साखर आणि चिमूटभर यीस्ट. मिळते काय? घरात एक जिवंत रान आणि आपल्या मुलांना एक धडा. एक जीव साखर खाऊन श्वास सोडतो, त्या श्वासावर दुसरा जीव उजेडात अन्न करतो, आणि त्याने सोडलेल्या प्राणवायूवर तिसरा जगतो. हे पुस्तकात वाचता येते. पण सात गप्पी मेल्यावर आणि पुढची कितीतरी वर्षे संध्याकाळी नळी वर टांगल्यावर ते जसे कळते, तसे पुस्तकाने कळत नाही.

 ज्यांना बाटली लावायची असेल त्यांनी जरूर लावावी. पण पहिली बाटली भरण्याआधी दिनदर्शिकेवर दुसरीचा सोमवार लिहून ठेवावा, आणि नळी टांगायची खुंटी आधी ठोकावी. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.